घास आणि श्वास : ठसक्यातून उद्भवणारा न्यूमोनिया

बुलढाण्याहून मलकापूरकडे जाणारा रस्ता राजूरचा घाट उतरला की मोताळा तालुक्याचा घाटाखालचा मुलूख सुरू होतो. कापूस, मका, सोयाबीन आणि तूर पिकविणारा हा शेतकरी प्रदेश आहे. येथील कोणत्याही गावातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील साठी उलटलेल्या कर्त्या पुरुषाला सकाळी लकवा मारतो. तोंड वाकडे होते, उजवा हात लुळा पडतो आणि बोलणे अस्पष्ट होते. शेजारीपाजारी जमतात. कोणी कांदा हुंगवितो, कोणी तळपाय चोळतो. घरातील माऊली लगबगीने कोमट पाणी किंवा साखर घातलेला चहा आणते आणि बाजेवर उताणे निजविलेल्या रुग्णाच्या तोंडात चमच्याने घालू लागते. रुग्णाला ठसका लागतो, काही चहा ओठांच्या कोपऱ्यातून ओघळतो, उरलेला पोटात गेला असे समजून सर्वांना बरे वाटते. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरतो, छातीत घरघर सुरू होते व श्वास लागतो. लोक म्हणतात, लकव्याने छाती धरली.

वास्तविक छाती लकव्याने धरलेली नसते. पोटात जावयाचा चहा फुप्फुसात गेलेला असतो. अशा रीतीने अन्न, पाणी, लाळ अथवा उलटी श्वासमार्गात शिरून जो फुप्फुसाचा दाह होतो त्यास वैद्यकशास्त्रात ‘ॲस्पिरेशन न्यूमोनिया’ म्हणतात. आपण त्यास सोयीसाठी ठसक्याचा न्यूमोनिया म्हणू. अनेकदा हा आजार आपुलकीने भरविणाऱ्या हातांतून, केवळ माहितीच्या अभावी ओढवतो. त्यामुळे तो टाळण्याचे पुष्कळसे काम रुग्णालयापेक्षा घरात व गावात व्हावयाचे आहे. या दृष्टीने ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांनी या विषयाची माहिती करून घेणे आवश्यक आहे.

दोन वाटांचा चौक

नाकातोंडातून आत जाणारी हवा आणि तोंडातून जाणारे अन्न यांचा मार्ग घशापर्यंत एकच असतो. तेथून पुढे दोन वाटा फुटतात. पुढील बाजूस स्वरयंत्र आणि त्याखाली श्वासनलिका, तर मागील बाजूस अन्ननलिका असते. घास घशात पोचताच शरीर काही क्रिया आपोआप करते. श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, स्वरतंतू एकमेकांस मिटतात, स्वरयंत्रावरील झाकणासारखा पडदा खाली झुकतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. गिळताना गळ्यावरील कंठमणी वर जाऊन खाली येतो, तो याच क्रियेमुळे. हे सारे सुमारे एका सेकंदात घडते आणि त्यासाठी मेंदू, अनेक मज्जातंतू व कित्येक स्नायू यांचा मेळ बसावा लागतो.

एखादा कण चुकून श्वासमार्गाकडे गेलाच तर जोराचा ठसका लागतो व तो बाहेर फेकला जातो. निरोगी माणसाच्याही फुप्फुसात झोपेत थोडीफार लाळ उतरते. परंतु खोकला, श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची हालचाल आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांमुळे तिचा उपद्रव होत नाही. आत जाणारा पदार्थ जास्त असेल, तो जंतूंनी भरलेला किंवा दाहक असेल, अथवा ठसक्याचा पहारा ढिला पडला असेल तर मात्र आजार उद्भवतो. श्वासनलिकेची उजवी शाखा डावीपेक्षा रुंद व अधिक सरळ असल्याने असा पदार्थ बहुधा उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात उतरतो. म्हणूनच छातीच्या क्ष-किरण चित्रात तेथे डाग दिसला की डॉक्टरांच्या मनात ही शंका येते.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. जठरातील आम्लयुक्त द्रव उलटीबरोबर फुप्फुसात गेल्यास काही तासांतच रासायनिक दाह होतो. न्यूयॉर्कमधील डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली प्रसूतिसमयी भूल दिलेल्या स्त्रियांमधील अशा घटनांचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे ४४ हजार प्रसूतींपैकी ६६ प्रसंगी जठरातील पदार्थ श्वासमार्गात गेल्याचे त्यांना आढळले होते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास उपाशी ठेवण्याच्या नियमामागे हेच कारण आहे. “उपाशीपोटी अशक्तपणा येईल” म्हणून नातेवाइकांनी चोरून भरविलेला घास म्हणूनच जिवावर बेतू शकतो. दुसऱ्या प्रकारात तोंडातील व घशातील जंतू लाळेबरोबर किंवा अन्नाबरोबर आत जातात आणि एक-दोन दिवसांनी जंतुजन्य न्यूमोनिया होतो. घरी अंथरुणास खिळलेल्या रुग्णांमध्ये हा दुसरा प्रकार अधिक दिसतो.

धोका कोणास?

सर्वांत मोठा गट पक्षाघाताच्या रुग्णांचा आहे. पक्षाघात झाल्यावर पहिल्या काही दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळण्याचा त्रास असतो. त्यांतील बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत कमी होतो, म्हणजे जपावयाचा काळ तसा मर्यादित असतो. पक्षाघात हा केवळ शहरी आजार आहे, ही समजूतही आता सोडावयास हवी. आपल्याच विदर्भातील गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने ८६ खेड्यांतील मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तेथे पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. सुमारे सात मृत्यूंमागे एक मृत्यू पक्षाघाताचा होता आणि असे बहुसंख्य रुग्ण घरीच दगावले होते. ज्या रुग्णाचा अखेरचा काळ घरात जातो त्याची शुश्रूषाही घरातील माणसेच करतात. त्यांना भरविण्याची योग्य पद्धत कोणी शिकविली आहे काय, हा प्रश्न मोताळा तालुक्यासही तितकाच लागू आहे.

दुसरा गट अतिवृद्ध, स्मृतिभ्रंश झालेले, कंपवाताचे आणि अंथरुणास खिळलेले रुग्ण यांचा होय. यांच्यापैकी काहींना अन्न श्वासमार्गात जाऊनही ठसका लागतच नाही. “आमच्या आजीला ठसका लागत नाही, म्हणजे ती नीट गिळते,” हा निष्कर्ष म्हणून नेहमीच बरोबर नसतो. जेवणानंतर आवाज ओला व घरघरता होणे, गालात घास साठून राहणे, जेवणास फार वेळ लागणे, विनाकारण वारंवार ताप येणे व वजन घटणे ही मुक्या धोक्याची चिन्हे होत.

तिसरा गट बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतील माणसांचा. फेफरे आलेला, दारूच्या अमलाखाली असलेला, डोक्यास मार लागलेला किंवा विषबाधा झालेला मनुष्य यात येतो. शेतीप्रधान भागात कीटकनाशकाच्या विषबाधेचा प्रसंग दुर्दैवाने अपरिचित नाही. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याची जुनी रीत अतिशय घातक आहे. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाची उलटी सरळ फुप्फुसात जाते आणि एका संकटाची दोन संकटे होतात. त्यास काहीही न पाजता कुशीवर वळवावे आणि औषधाच्या डब्यासह तत्काळ रुग्णालयात न्यावे. फेफरे आलेल्याच्या तोंडात पाणी, चमचा किंवा बोट घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्याने काही साधत नाही. त्यास कुशीवर वळवून, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करून, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबावे.

चौथा गट लहान मुलांचा. तान्ह्या बाळास मांडीवर उताणे निजवून, नाक दाबून किंवा रडत असताना गुटी, तेल अथवा दूध पाजणे धोक्याचे आहे. बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडण्याची चाल तर विशेष वाईट, कारण तेलाने ठसका फारसा लागत नाही आणि ते गुपचूप फुप्फुसात उतरून चिवट दाह निर्माण करते. रॉकेलचा घरगुती वापर पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला असला तरी डिझेल, थिनर, टर्पेंटाईन यांसारखे पदार्थ पाण्याच्या जुन्या बाटल्यांतून ठेवले जातात व मुले ते पिऊन बसतात. अशा मुलास कधीही उलटी करवू नये. पातळ तेलकट द्रव उलटीबरोबर फुप्फुसात जाणे हाच त्यातील मुख्य धोका आहे. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया यांचा प्रकार थोडा निराळा. अखंड दाणा श्वासनलिकेत अडकल्यास मूल गुदमरते किंवा एकाच बाजूच्या न्यूमोनियाने पुनःपुन्हा आजारी पडते. चार-पाच वर्षांखालील मुलास अखंड शेंगदाणे न देता त्यांचे कूट द्यावे.

ओळखावे कसे?

ताप, खोकला, दुर्गंधीयुक्त कफ, छातीत दुखणे, श्वास जलद होणे, ओठ व नखे निळसर पडणे ही प्रमुख लक्षणे होत. वृद्धांमध्ये ताप येईलच असे नाही. एकाएकी आलेली गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा अन्नावरची वासना जाणे एवढेच लक्षण दिसते. प्रारंभी क्ष-किरण चित्र निर्दोष असू शकते. २०२०-२१ च्या कोविड काळात बोटास लावावयाचे पल्स ऑक्सिमीटर गावोगाव ओळखीचे झाले. त्यावर प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांच्या खाली दिसल्यास, किंवा प्रौढ माणसाचा श्वास मिनिटास ३० च्या वर गेल्यास, वेळ दवडू नये.

बालकांच्या बाबतीत श्वास मोजणे हीच सर्वांत सोपी कसोटी आहे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असल्यास तो जलद समजतात. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर आजार गंभीर आहे. विदर्भात अनेक ठिकाणी यालाच ‘डब्बा’ झाला असे म्हणतात. ही कसोटी गावातच वापरता येते, हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कार्याने दाखवून दिले. १९८८ साली सुरू झालेल्या त्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेवक व दाया यांनी गावातच बालकांचा न्यूमोनिया ओळखून उपचार केले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांनी हाताळलेल्या ६१२ बालरुग्णांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी निवडलेल्या भागात तेच १३.५ टक्के होते. तो प्रयोग सर्वसाधारण बालन्यूमोनियाचा होता. तरीही वेळेवर ओळख आणि गावातील प्रशिक्षित माणूस यांनी किती जीव वाचतात, याचा तो पुरावा आहे.

वैद्यकीय उपचार

ठसक्याच्या न्यूमोनियाचा उपचार घरी करावयाचा नाही. रुग्णालयात प्राणवायू, घशातील स्राव यंत्राने ओढून काढणे, शिरेतून द्रव आणि आवश्यक तेव्हा प्रतिजैविके दिली जातात. प्रतिजैविक कोणते व किती दिवस द्यावयाचे हे डॉक्टर ठरवितात. गुंतागुंत नसल्यास साधारणतः पाच ते सात दिवस पुरतात. फुप्फुसात गळू झाल्यास मात्र उपचार कित्येक आठवडे चालतो. नुकतीच उलटी आत गेली आहे, परंतु जंतुसंसर्गाचे चिन्ह नाही, अशा वेळी डॉक्टर प्रतिजैविक न देता काही काळ निरीक्षण करतात. तो हलगर्जीपणा नव्हे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या दोन-तीन गोळ्या घेऊन ताप उतरताच थांबणे, किंवा खोकला दाबणारे औषध देणे, हे दोन्ही अयोग्य. या रुग्णाचा खोकला हा त्याचा राखणदार आहे. त्यास झोपविणे हिताचे नाही. हीच गोष्ट झोपेच्या गोळ्यांची.

पक्षाघाताच्या बाबतीत तर पहिली कसोटी रुग्णालयाच्या दारातच व्हावी. रुग्णास गिळता येते की नाही याची तपासणी होण्यापूर्वी त्यास तोंडाने पाणी, अन्न किंवा गोळी देऊ नये. ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात विभागांत परिचारिकांनी ताप, रक्तातील साखर आणि गिळण्याची क्षमता या तीनच गोष्टींकडे ठरावीक पद्धतीने लक्ष देण्याचा प्रयोग केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, ९० दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्या रुग्णांचे प्रमाण ५८ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर आल्याचे दिसले. येथे कोणतेही नवे यंत्र नव्हते. होती ती परिचारिकेची नियमित दक्षता.

गिळणे अगदीच शक्य नसल्यास नाकातून जठरात नळी घालून पातळ आहार देतात. नळी घातली म्हणजे धोका संपला असे मात्र नव्हे. लाळ घशात उतरतच असते आणि जठरातील आहार वर येऊ शकतो. नळीने आहार देताना व त्यानंतर किमान अर्धा तास रुग्णाचे धड ३० ते ४५ अंशांनी उंच असावे. नळी सरकली आहे अशी शंका येताच त्यातून काहीही देऊ नये.

पूरक उपचार : काय उपयुक्त, काय घातक?

आपल्या समाजात औषधोपचारासोबत घरगुती व पारंपरिक उपाय करण्याची प्रथा आहे. तिचा सरसकट धिक्कार करणे जसे योग्य नाही, तसेच सर्व उपाय निरुपद्रवी मानणेही योग्य नाही. या आजारापुरती एक सोपी कसोटी लावता येते. ज्या माणसास गिळता येत नाही त्याच्या नाकातोंडातून जे जे आत जावयाचे, ते औषध असो, काढा असो की तीर्थ असो, त्याकडे प्रथम धोका म्हणूनच पाहावे. बाहेरून आधार देणारे उपाय मात्र बहुतांशी उपकारक ठरतात.

या कसोटीवर मुखस्वच्छतेचा क्रम पहिला लागतो. फुप्फुसात उतरणाऱ्या लाळेत जंतू कमी असतील तर आजारही कमी होईल, हे त्यामागील तत्त्व. जपानमधील ११ वृद्धसेवागृहांत झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियमित मुखस्वच्छता केलेल्या वृद्धांपैकी ११ टक्क्यांना, तर तशी न केलेल्यांपैकी १९ टक्क्यांना दोन वर्षांच्या काळात न्यूमोनिया झाला. दिवसातून किमान दोनदा, विशेषतः जेवणानंतर, मऊ ब्रशने किंवा बोटास गुंडाळलेल्या स्वच्छ ओल्या फडक्याने दात, हिरड्या, जीभ आणि गालांची आतील बाजू पुसून घ्यावी. फडके पिळून घ्यावे, त्यातून पाणी गळता कामा नये. कवळी रात्री काढून धुवावी. तंबाखूची मिश्री वापरू नये. आयुर्वेदात सांगितलेले गंडूष, म्हणजे तोंडात तेल वा काढा धरणे, निरोगी माणसास चालेल. परंतु लकवा झालेल्या रुग्णास ते करावयास लावणे म्हणजे ठसक्यास आमंत्रण देणे होय. नस्याच्या बाबतीतही हेच खरे.

दुसरा उपाय व्यायामोपचाराचा. रुग्णास दर दोन तासांनी कूस बदलविणे, दिवसातून काही वेळ बसविणे, दीर्घ श्वसन आणि जोराने खोकण्याचा सराव, तसेच तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली जेवणापूर्वी छातीवर हलके थोपटणे यांमुळे कफ सुटण्यास मदत होते. दीर्घ श्वसन हितकर असले तरी धाप लागलेल्या रुग्णास कपालभातीसारखे वेगवान प्रकार करावयास लावू नयेत. गिळण्याचे व्यायाम शिकविणारे वाचा व भाषा उपचारतज्ज्ञ ही एक स्वतंत्र शाखा आहे. मुंबईत १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत असे तज्ज्ञ तयार होतात. तालुक्याच्या गावी ते सहसा उपलब्ध नसतात. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी एकदा तपासणी करून घेऊन घरातील दोन व्यक्तींनी त्यांच्याकडून व्यायाम शिकून घेणे, हाच व्यवहार्य मार्ग होय.

हळदीचे दूध, अडुळशाचा वा तुळशीचा काढा हे पदार्थ पातळ आहेत आणि पातळ पदार्थच श्वासमार्गात सर्वांत लवकर शिरतो. गिळण्याची क्षमता पक्की असेल तरच आणि डॉक्टरांना सांगूनच ते घ्यावेत. प्रतिजैविकाची जागा ते घेऊ शकत नाहीत. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. ओवा, कापूर यांची धुरी बंद खोलीत देण्याने श्वसनमार्गाचा दाह वाढतो. बिब्ब्याचे चट्टे किंवा मेळघाटातून वारंवार ऐकू येणारी, तान्ह्या मुलांच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची प्रथा तर सर्वस्वी त्याज्य होय. त्याने न्यूमोनिया बरा होत नाही. भाजलेल्या जखमेची भर पडते आणि रुग्णालयात जाण्याचा मोलाचा वेळ जातो.

परंपरेत या विषयी शहाणपण नाही असे नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहारविधीचे जे नियम आहेत त्यांत फार घाईने अथवा फार रेंगाळत न जेवणे, जेवताना न बोलणे, न हसणे आणि मन लावून जेवणे यांचा समावेश आहे. गिळण्याच्या शास्त्राची आजची शिकवण याहून वेगळी नाही. ग्रामीण भागात सेवा करणाऱ्या आयुर्वेद पदवीधरांनी हे नियम रुग्णांच्या घरी समजावून सांगितले तर आधुनिक व पारंपरिक उपचारांचा खरा मेळ साधेल.

भरविण्याची रीत

डॉक्टरांनी तोंडाने आहार देण्यास अनुमती दिल्यानंतर पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. रुग्ण पूर्ण जागा व सावध असेल तेव्हाच भरवावे. झोपेतून उठवून किंवा गुंगीत असताना भरवू नये.

२. त्यास ताठ बसवावे. खुर्ची नसल्यास बाज भिंतीस लावून पाठीशी लोड किंवा घडी केलेली वाकळ द्यावी. मान मागे कलती नसावी. हनुवटी किंचित छातीकडे असावी.

३. भरविणाऱ्याने समोर, रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. उभे राहून भरविल्यास रुग्ण मान वर करतो व श्वासमार्ग उघडा पडतो. याच कारणाने तांब्या उंच धरून वरून पाणी पिणे अशा रुग्णास पूर्णपणे वर्ज्य आहे.

४. घास अर्ध्या चमच्याएवढा असावा व तोंडाच्या सशक्त बाजूस ठेवावा. कंठमणी वर जाऊन खाली आल्याचे पाहिल्यावरच दुसरा घास द्यावा.

५. अन्न मऊ, एकजीव व दाटसर असावे. मऊ शिजवून घोटलेल्या ज्वारीच्या कण्या, दाट वरणात पूर्ण कुस्करलेली भाकरी, घोटलेली खिचडी, दाट दही, कुस्करलेले केळे हे पदार्थ चालतात. मुरमुरे, चिवडा, दाणे यांसारखे कोरडे पदार्थ आणि पातळ रश्श्यात तरंगणारे तुकडे टाळावेत. पाणी, ताक व चहा किती दाट करून द्यावयाचा हे तज्ज्ञांस विचारावे.

६. जेवताना गप्पा, दूरदर्शन व भ्रमणध्वनी बंद असावेत. ठसका लागल्यास किंवा आवाज ओला झाल्यास थांबावे.

७. जेवणानंतर तोंड स्वच्छ करून रुग्णास किमान अर्धा तास बसते ठेवावे.

अखेरच्या घटकेस मुखात गंगाजल व तुळशीपत्र घालण्याची आपली भावना पवित्र आहे. त्या जलाने ओठ ओले करावेत आणि तुळशीपत्र ओठांवर ठेवावे. त्यात भावनेस उणेपणा येत नाही आणि जाणाऱ्या जिवास गुदमरण्याचे क्लेशही होत नाहीत.

गावाने काय करावे?

या कामास मोठा निधी लागत नाही. लागते ती योजकता. प्रत्येक गावात आशा स्वयंसेविका आहे. नवजात बालकांसाठी गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. या भेटींत मातेस बाळ मांडीवर कसे धरावे, दूध पाजल्यानंतर खांद्यावर घेऊन ढेकर कसा काढावा आणि नाकात तेल का घालू नये, हे प्रत्यक्ष दाखवावे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने गावातील अंथरुणास खिळलेल्या व लकवा झालेल्या व्यक्तींची यादी करावी आणि आशा किंवा आरोग्यसेविकेने प्रत्येक भेटीत तीन प्रश्न विचारावेत : रुग्ण बसून जेवतो काय? जेवताना ठसका लागतो किंवा आवाज बदलतो काय? तोंड रोज स्वच्छ होते काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून कोणत्या घरी डॉक्टरांनी जावे, हे सहज ठरविता येईल.

ग्रामसभेत एका खुर्चीच्या व चमच्याच्या साहाय्याने भरविण्याची योग्य रीत दहा मिनिटांत दाखविता येते. लांबलचक भाषणापेक्षा अशा प्रात्यक्षिकाचा परिणाम अधिक होतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना फेफरे आल्यास काय करावे, घास अडकल्यास पाठीवर थोपटे व पोटावर दाब कसा द्यावा, हे प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकवून घ्यावे. पोटावर दाब देण्याची ही पद्धत अमेरिकेतील डॉ. हाइमलिक यांनी १९७४ मध्ये मांडली. एक वर्षाखालील बालकास मात्र पोटाऐवजी छातीवर दाब देतात. पोषण आहार देताना मुलांनी खाली बसून व धावपळ न करता खावे, एवढी शिस्तही अपघात टाळते. शेतीची औषधे, डिझेल, थिनर यांसाठी पाण्याच्या बाटल्या वापरू नयेत, असे आवाहन कृषी सहाय्यक आणि कृषी सेवा केंद्रे यांच्यामार्फत व्हावे.

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण दिसताच १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेव्हा वाहन येईपर्यंतचा वेळ चहापाण्यात घालवू नये. रुग्णास कुशीवर ठेवावे, लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी आणि तोंडाने काहीही देऊ नये.

प्रारंभी ज्या घराचे चित्र पाहिले त्या घरातील माऊलीचा काही दोष नव्हता. आजारी माणसास उपाशी ठेवू नये हे तिला पिढ्यान् पिढ्या शिकविले गेले. प्रथम त्यास गिळता येते काय ते पाहावे, हे कोणी शिकविले नाही. ही एक गोष्ट आशा स्वयंसेविकेने, शिक्षकाने आणि पंचायत सदस्याने तिच्यापर्यंत पोचविली तर त्या घरात तिसऱ्या दिवशी येणारा ताप टाळता येईल. मोताळ्यासारख्या तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर दहा मिनिटांचे असे एक प्रात्यक्षिक ठेवावे आणि त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आवर्जून निमंत्रित करावे.